आजीचा बिनसाखरेचा कप

पहिली शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी लिहितोय. कॅमेरा, लेन्स, शॉट डिव्हिजन तुम्हाला येतं असं धरतो. मी जिथे फसलो तेवढंच सांगतो.

माझ्या फिल्ममधला प्रसंग असा: आजोबा गेल्यानंतरची सकाळ. आजी चहा करते. आजोबांना मधुमेह होता, म्हणून सवयीने आधी एक कप बिनसाखरेचा गाळते, मग पातेल्यात साखर घालायला डबा उघडते आणि तिची नजर त्या कपावर जाते. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. पडद्यावर मात्र लोक ढिम्म. कारण आजोबा असतानाचा तो कप मी एकदाही दाखवला नव्हता! आजी का थांबली, हे प्रेक्षकाला कळणार कुठून? मला वाटलं, भावना कमी पडली. म्हणून रडतानाचा क्लोजअप जोडला, खाली सारंगी. लोकांनी मोबाइल काढले.

सारंगीची कल्पना ‘पथेर पांचाली’ या बंगाली सिनेमावरून (१९५५) सुचलेली. हरिहर घरी परततो. त्याची मुलगी दुर्गा गेली हे आपल्याला माहीत असतं, त्याला नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक दाखवतो, मग दुर्गाची साडी. त्याची बायको सर्वजया ती तोंडाशी धरून कोसळते, पण तिचा हंबरडा ऐकू येत नाही. तिथे तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजतं. दिग्दर्शक सत्यजित राय यांनी रडण्याला साथ दिली नाही, रडण्याच्या जागी सूर ठेवला. आणि साडी निघण्याआधीच आपला जीव कासावीस झालेला असतो. सस्पेन्सचा उस्ताद हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं तेच: टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर पंधरा मिनिटांचा ताण. हे वाचलेलं सगळ्यांनी असतं. एडिटला बसल्यावर आठवत नाही.

‘क्लोजअप घेऊन ठेव, एडिटला बघू’ असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. मला तो सल्ला फार महागात पडला. त्यापेक्षा वही घ्या, शॉट आधी तिच्यात काढा. रायांकडे पहिल्या सिनेमाला रीतसर पटकथा नव्हती, रेखाटनांची वही होती. ते जाहिरात कंपनीत चित्रकार होते, हे खरं. पण तुम्ही काड्यांची माणसं काढलीत तरी चालतं. माझी तशीच आहेत.

आणि खचू नका. मला दुरुस्तीला एक सकाळ लागली. आजी कप गाळते, आजोबा पेपरातून मान वर न करता हात पुढे करतात, मग पातेल्यात साखर पडते. एवढा एकच शॉट घेऊन सुरुवातीला लावला. रडणं काढलं, सारंगीही काढली. पुढच्या खेळाला आजीने डबा उघडला, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, “अगं बाई...”