सिम्बॉल प्रॉपर्टी कॉपी करताय? या चुका टाळा

जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टवरच्या प्रॉपर्टीची की स्ट्रिंग असते किंवा सिम्बॉल, म्हणजे एक एकमेव खूण. "कॉपी केली आणि सिम्बॉल गायब झाला." ही तक्रार आली की समजावं, कॉपीची जी पद्धत पहिली आठवली ती वापरली गेली आहे. ती पद्धत नेमकं काय उचलते आणि काय सोडते, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही. घाई करणारे नवखे इथेच अडकतात, आणि ठपका जावास्क्रिप्टवर येतो.

पहिली चूक म्हणजे ऑब्जेक्ट.कीजवर लूप फिरवणं. ऑब्जेक्ट.कीज, ऑब्जेक्ट.एन्ट्रीज, फॉर-इन, इतकंच काय, ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीनेम्ससुद्धा फक्त स्ट्रिंग की देतात. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, सिम्बॉल मागेच राहतात. स्प्रेड (तीन टिंबांची कॉपी) किंवा ऑब्जेक्ट.असाइन वापरा, दोन्ही ऑब्जेक्टच्या स्वतःच्या एन्युमरेबल, म्हणजे मोजणीत येणाऱ्या, सिम्बॉल प्रॉपर्टी घेतात. लूप लिहावाच लागला तर रिफ्लेक्ट.ओनकीजवर लिहा. त्यात स्ट्रिंग आणि सिम्बॉल दोन्ही येतात, नॉन-एन्युमरेबलही येतात.

जेसनमधून फिरवून आणलेली कॉपी सिम्बॉल की टाकून देते. डीप कॉपीसाठी दिलेला स्ट्रक्चर्डक्लोनही टाकून देतो. शिवाय किंमत म्हणून सिम्बॉल किंवा फंक्शन सापडलं तर तो थेट डेटाक्लोनएरर फेकतो. डीप कॉपीचा हा शॉर्टकट साध्या डेटासाठी ठीक आहे, सिम्बॉल असलेल्या ऑब्जेक्टसाठी नाही.

आता ज्या चुकीत माणसांचे दिवस जातात ती. एका पॅकेजमध्ये मॉड्यूलच्या वरच मेटा नावाचा सिम्बॉल केलेला असतो, साध्या सिम्बॉल() कॉलने. ते पॅकेज ऑब्जेक्टवर त्या कीखाली माहिती ठेवतं. तुम्ही स्प्रेडने कॉपी करता, पॅकेजच्याच फंक्शनला देता, आणि उत्तर येतं अनडिफाइन्ड. कन्सोलवर पाहावं तर सिम्बॉल(मेटा) समोर दिसतोय, किंमतही बरोबर आहे! मग लोक कॉपीचा कोड पाच प्रकारे लिहून बघतात. कॉपी पहिल्यापासूनच बरोबर असते. नोड मॉड्यूल्समध्ये त्या पॅकेजच्या दोन आवृत्त्या बसलेल्या असतात: एक तुमची, एक दुसऱ्या कुठल्या तरी डिपेंडन्सीने ओढून आणलेली. मॉड्यूल दोनदा चाललं म्हणजे सिम्बॉल दोन तयार झाले. कंसातलं वर्णन सारखं असलं तरी दोन्ही सिम्बॉल वेगळे. एकाने ठेवलेलं दुसऱ्याने सापडत नाही.

तपासायची रीत अशी. ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीसिम्बॉल्सने कॉपीवरचे सिम्बॉल काढा आणि तुमच्या हातातल्या सिम्बॉलशी तिहेरी बरोबरने ताडून पाहा. फॉल्स आलं की कॉपीचा कोड बंद करून एनपीएम एलएस आणि पॅकेजचं नाव चालवा. दोन आवृत्त्या असतील तर तिथे दिसतील. दोन आवृत्त्या एकीवर आणल्या की प्रश्न मिटतो. पॅकेज तुमचंच असेल आणि की सगळ्यांना एकच हवी असेल तर सिम्बॉल.फॉर वापरा, वर्णनात पॅकेजचं नाव पुढे जोडून; तो एका सामायिक नोंदणीतून त्या वर्णनाचा एकच सिम्बॉल देतो. नोडनेही nodejs.util.inspect.custom या वर्णनाची की नोंदवलीच आहे, देवनागरीत वाचायचं तर 'नोडजेएस.युटिल.इन्स्पेक्ट.कस्टम'. सिम्बॉल नोंदणीतला आहे का हे सिम्बॉल.कीफॉर सांगतो: असेल तर स्ट्रिंग, नसेल तर अनडिफाइन्ड.

दुसरी खोल चूक गेटरची, म्हणजे वाचताना दरवेळी चालून किंमत काढणाऱ्या फंक्शनची. बिलाच्या ऑब्जेक्टवर दर १००, नग ५, आणि एका सिम्बॉलखाली एकूण रकमेचा गेटर आहे असं धरा. स्प्रेड केलं की गेटर त्या क्षणी एकदा चालतो आणि कॉपीत त्याचं उत्तर, ५००, साधी किंमत म्हणून बसतं. कॉपीत नग ६ केले तरी एकूण ५००च. कॉपीनंतर लगेच तपासणारी टेस्ट हिरवी होते, म्हणून ही चूक पुढे निसटते. गेटर जिवंत हवा असेल तर डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रॉपर्टीची पूर्ण व्याख्या, कॉपी करायला हवेत: ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीडिस्क्रिप्टर्सने काढा, ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टीजने नव्यावर लावा. नॉन-एन्युमरेबल सिम्बॉलही यातच येतात आणि नॉन-एन्युमरेबलच राहतात. ऑब्जेक्टवर एकही गेटर असेल तर सरळ हीच वाट धरावी, दोन ओळी जास्त लागल्या तरी.

क्लासच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. क्लासमध्ये लिहिलेला सिम्बॉल.इटरेटर (फॉर-ऑफला लागणारी मेथड) प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या इन्स्टन्सच्या सामायिक ऑब्जेक्टवर असतो, इन्स्टन्सवर नसतो. म्हणून साध्या ऑब्जेक्टवर नीट चालणारी स्प्रेडची कॉपी, कोड क्लासमध्ये हलवल्यावर फॉर-ऑफने फिरवताना "इटरेबल नाही" अशी एरर देते. ऑब्जेक्ट.क्रिएटला मूळचा प्रोटोटाइप आणि डिस्क्रिप्टर दोन्ही द्या. क्लासमध्ये हॅशने सुरू होणारी प्रायव्हेट फील्ड असतील तर हेही पुरत नाही. ती बाहेरून कॉपी होतच नाहीत. तिथे क्लासलाच क्लोन मेथड द्यावी.

कॉपी उथळ असते हे सिम्बॉललाही लागू. सिम्बॉलखाली ऑब्जेक्ट ठेवला असेल तर मूळ आणि कॉपी दोघांकडे तोच ऑब्जेक्ट राहतो.

राहिला ट्राय-कॅचचा मोह. ऑब्जेक्ट.असाइन आधी स्ट्रिंग की घेतो, सिम्बॉल सगळ्यात शेवटी. टार्गेटवर एखादी स्ट्रिंग प्रॉपर्टी रीड-ओन्ली असली की तो टाइपएरर फेकून तिथेच थांबतो: आधीच्या किंमती कॉपी झालेल्या, सिम्बॉल एकही नाही. ती एरर रिकाम्या कॅचमध्ये गिळली की हाती अर्धवट ऑब्जेक्ट राहतो आणि कारण कुठेच नोंदलं जात नाही. टार्गेट म्हणून नेहमी रिकामा नवा ऑब्जेक्ट द्या, आणि तो कॅच काढून टाका.