‘काही लागलं तर सांग’ नको, वार वाटून घ्या

मित्राची केमो सुरू झाली की ‘काही लागलं तर सांग’ असं सगळेच म्हणतात आणि तो बिचारा कुणालाच काही सांगत नाही. त्यापेक्षा घरच्यांना विचारून एकानं पुढाकार घ्यावा, व्हॉट्सॲपवर छोटा ग्रुप करावा आणि थेट वार वाटून टाकावेत. मंगळवारचा डबा कोणाचा, मुलांना शाळेतून कोण आणणार, परळला टाटा हॉस्पिटलात सोबत कोण जाणार. त्याला स्वतःला या ग्रुपात घेऊ नका. डब्याआधी पथ्य विचारा. सर्दी-खोकला झालाय? मग डबा दुसऱ्याच्या हाती पाठवा.

खरी कामाची यादी रक्तदात्यांची. दान केलेल्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी) साधारण 5 दिवसच टिकतात, त्यामुळे उत्साहानं दहा जण एकाच दिवशी गेले तर फायदा नाही, पाळ्या लावा. मशीनवर प्लेटलेट्स द्यायला दीड-दोन तास लागतात आणि आधीचे 3 दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही, हे ग्रुपात आधीच लिहून ठेवा.

मित्र गावाकडून आला असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची चौकशी करा. वर्गणी काढलीत तर पैसे घरच्यांच्याच खात्यात जाऊ देत.