नागपूर खरंच सावरलं का? महासाथीनंतरचा रोजगार विभागवार कसा तपासावा

‘महासाथीनंतर महाराष्ट्रातला रोजगार पूर्वपदावर आला’ हे वाक्य नागपूरबद्दल फारसं काही सांगत नाही. मुंबई-पुण्याचं वजन एवढं की राज्याच्या सरासरीत विदर्भ दिसतच नाही. धक्का बसण्याची वेळही सगळीकडे एक नव्हती. दुसऱ्या लाटेत अमरावतीत 22 फेब्रुवारी 2021 पासून टाळेबंदी लागली, नागपुरात 15 ते 21 मार्च, आणि राज्यभर कडक निर्बंध आले ते एप्रिलमध्ये. म्हणून हिशोब विभाग धरूनच करावा लागतो. एक्सेल येत असेल तर तो घरबसल्या होतो.

आधी तुलनेचं वर्ष ठरवा. 2020 च्या तळाशी तुलना केली तर कुठलाही जिल्हा भरभराटीला आलेला दिसेल. देशातला शहरी बेरोजगारी दर एप्रिल-जून 2019 मध्ये सुमारे 9 टक्के होता, तो एप्रिल-जून 2020 मध्ये सुमारे 21 टक्क्यांवर गेला. तेव्हा जी तिमाही तपासायची, 2019 ची तीच तिमाही घ्या. तीच का, तर इथला रोजगार हंगामावर हलतो: भंडारा-गोंदियात पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी, काटोल-नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार. नागपूरपुरती आणखी एक खबरदारी. 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली, नागपुरात अधिवेशन परतलं डिसेंबर 2022 मध्ये. हॉटेल, टॅक्सी, केटरिंग यांचे त्या दोन डिसेंबरचे आकडे पडलेले दिसले, तर त्यात याचाही वाटा असणार.

आता दर कोणता पाहायचा? बहुतेक जण इथेच फसतात. बेरोजगारी दरात काम शोधणारेच मोजले जातात. शोधणं सोडलेला माणूस त्यातून गळतो. समजा, 100 प्रौढांपैकी 50 जण कामाच्या बाजारात आहेत आणि 45 जणांना काम आहे: दर 10 टक्के. टाळेबंदीनंतर 8 जणांनी, बहुतेक बायकांनी, शोधणंच सोडलं. बाजारात उरले 42, काम आहे 39 जणांना. दर झाला 7.1 टक्के, म्हणजे ‘सुधारणा’, आणि कामं मात्र सहा कमी! म्हणून 15 वर्षांवरील लोकसंख्येपैकी किती टक्के कामावर आहेत, तेच पाहा. आताच्या टक्केवारीला 2019 च्या टक्केवारीने भागून 100 ने गुणा. 100 च्या खाली आलं तर अजून भरपाई झालेली नाही. पुरुष आणि स्त्रिया यांचा हिशोब वेगळाच ठेवा, एकत्र केला की स्त्रियांची घसरण झाकली जाते.

आकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पीएलएफएस या रोजगार-बेरोजगारीच्या नमुना पाहणीतून घ्या. कुटुंबवार कच्चा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतो. त्यात महाराष्ट्राचा कोड 27. पाहणीने राज्याचे स्वतःचे विभाग पाडले आहेत. नागपूर, वर्धा आणि अमरावती विभागाचे पाच जिल्हे 275 क्रमांकाच्या विभागात येतात; भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली 276 मध्ये. एकट्या नागपूर जिल्ह्याचा नमुना लहान असतो, त्यावर निष्कर्ष काढू नका. निदान 275 पूर्ण घ्या, कमी वाटलं तर दोन वर्षं जोडा. प्रत्येक नोंदीला दिलेला वेट, म्हणजे ती नोंद किती लोकांच्या वतीने आहे तो आकडा, लावलाच पाहिजे, नाहीतर टक्केवारी चुकते. जानेवारी 2025 पासून पाहणीची रचना बदलली आहे, त्यामुळे आधीच्या मालिकेला पुढचे आकडे सरळ जोडू नयेत.

काम मिळालं म्हणजे कसलं मिळालं, हे पाहिल्याशिवाय थांबू नका. या पाहणीत आठवड्यातल्या एका दिवशी एक तास काम केलेला माणूसही कामावर धरला जातो. पुण्यातली नोकरी गेल्यावर इतवारीत वडिलांच्या दुकानात बिनपगारी बसलेला मुलगाही. देशात शेतीवरच्या कामगारांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, तो 2020-21 मध्ये 46.5 टक्के झाला. नियमित पगारदारांचा 23.8 वरून 21.1 वर आला. 275 आणि 276 साठी हेच दोन वाटे आणि आठवड्याचे कामाचे तास काढा. शेतीचा वाटा वाढून एकूण आकडा भरला असेल, तर ती आमच्या मते भरपाई नव्हे.

ईपीएफओ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी (पीएफ) संघटना, हिचे मासिक आकडे पडताळणीपुरतेच वापरा. कायदा साधारण 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू, त्यामुळे सीताबर्डीतली बहुतेक दुकानं त्यात नाहीत. बुटीबोरी-हिंगण्यातल्या कामगाराचा पीएफ मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या कोडवर भरला जात असेल, तर तो तिकडेच मोजला जातो. उलट, पुण्याच्या कंपनीचं काम नागपुरातल्या घरून करणारी मुलगी पीएलएफएसमध्ये इथे, पीएफमध्ये तिथे. शिवाय ऑक्टोबर 2020 पासूनच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत नव्या भरतीच्या पीएफवर अनुदान होतं. त्या काळातली नवी खाती म्हणजे तेवढ्या नव्या नोकऱ्या, असं धरू नका.

रोजंदारीचं खरं चित्र ठिय्यावर, म्हणजे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर, दिसतं. सकाळी लवकर जा, ठेकेदार येण्याआधी माणसं मोजा, आणि दहा वाजता किती उरली ते पुन्हा मोजा. ‘काम मिळतं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘मिळतं जी’ असंच येतं. मागच्या सात दिवसांत किती दिवस काम मिळालं आणि शेवटची मजुरी किती, एवढंच विचारा. मिस्त्री आणि बेगारी (त्याच्या हाताखालचा मजूर) यांची नोंद वेगळी ठेवा. पोळा-मारबत, मुसळधार पाऊस आणि मतदानाचे दिवस टाळा. दर महिन्याला तोच वार, तोच ठिय्या.