तीस घरांचं सांडपाणी, ठाण्याच्या पावसाचा हिशोब धरून

घोडबंदरच्या वरच्या अंगाचे पाडे असोत की शिळफाट्याच्या आतल्या वस्त्या, गटारलाइन पोहोचत नाही तोवर मैलापाणी नाल्यावाटे खाडीला जात राहतं. तीस घरांना ते जागेवरच, विजेशिवाय, निव्वळ उतारावर, दोन टाक्या आणि खडीच्या वाफ्यातून साफ करता येतं. मात्र आधी पावसाचा बंदोबस्त हवा. घरामागे 30 चौरस मीटर छप्पर धरलं, तर 200 मिलीमीटर पावसाच्या दिवशी 1 लाख 80 हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पंधरा दिवसांच्या सांडपाण्याइतकं. ते लाइनीत शिरलं तर टाकीतला सगळा गाळ एका दिवसात वाहून जाईल. म्हणून पन्हळीचा एकही पाइप चेंबरला जोडू देऊ नका. चेंबरची झाकणं अंगणापेक्षा 15 सेंटिमीटर उंच ठेवा.

दीडशे माणसं, माणशी 80 लिटर, म्हणजे रोजचे 12 हजार लिटर. खरा ताण सकाळी येतो. नळ सुटतो, आंघोळी आणि धुणी-भांडी एकदमच उरकतात. तेव्हाचे ताशी दीड हजार लिटर धरून मापं काढा.

पहिली टाकी गाळ बसवण्याची: आतून साडेपाच मीटर लांब, 2 मीटर रुंद, पाण्याची खोली 1.8 मीटर. आडव्या भिंतीने दोन भाग करा, पहिला दोन तृतीयांश. बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी लावून खालचं तोंड पाण्यात 30 सेंटिमीटर बुडवा, म्हणजे वरची साय पुढे जात नाही. वायूसाठी 100 मिलीमीटरचा पाइप छपराच्या वर न्या आणि तोंडाला डासांची जाळी बांधा.

दुसरी टाकी तेवढीच रुंद आणि खोल, पण 90 सेंटिमीटरचे पाच कप्पे असलेली. प्रत्येक कप्प्यात 110 मिलीमीटरचे तीन पीव्हीसी पाइप तळापासून 15 सेंटिमीटरवर सोडा. पाणी तळाशी उतरतं, गाळातून वर चढतं आणि त्या गाळातले जिवाणू घाण खातात. चढण्याचा वेग ताशी 1 मीटरच्या आत हवा. या मापात तो सुमारे 0.8 येतो. विटा वाचवायला कप्पे आखूड केले की वेग वाढतो आणि गाळच उचलला जातो. इथे काटकसर नको.

मग खडीचा वाफा: 10 मीटर रुंद, 12 मीटर लांब, 60 सेंटिमीटर खोल, तळाला शंभरात एक उतार, खाली जाड प्लास्टिक कागद. लांब आणि अरुंद वाफा तोंडाशीच तुंबतो, म्हणून रुंदी कमी करू नका. दोन्ही टोकांना अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात मोठे दगड, मध्ये 10 ते 20 मिलीमीटरची काळी खडी. क्रशरवरून येणाऱ्या खडीला कच असते. पाणी नितळ निघेपर्यंत ती धुवा, नाहीतर वर्षभरात वाफा बुजतो. मुरूम अजिबात नको. कर्दळ लावा. बाहेरच्या पाइपाला फिरता एल्बो बसवून पाण्याची पातळी खडीच्या 10 सेंटिमीटर खाली ठेवा. वर पाणी दिसलं की डास झालेच. वाफ्याचा काठ 20 सेंटिमीटर उंच, भोवती चर.

बांधकाम दिवाळीनंतर काढा. टाकी भरून आठवडाभर गळती बघा, मग सेप्टिक टँकमधला जुना गाळ नाहीतर शेणकाला टाका. नीट चालू व्हायला दोन-तीन महिने लागतात, तोवर वास येईल. घाबरून फिनेल ओतू नका, जिवाणू मरतात. मोऱ्यांना जाळी हवीच. मासळी धुतल्यावर खवले जातात, सॅनिटरी पॅड जातात, वडे तळणाऱ्यांचं तेल जातं. तेलासाठी वेगळा चेंबर करून दर आठवड्याला साफ करा.

गाळ मोजायला लांब काठीच्या खालच्या टोकाला पांढरं टॉवेलचं कापड गुंडाळा. काठी सावकाश तळाला टेकवा, दोन मिनिटं थांबा, हळूच वर काढा. काळा पट्टा 60 सेंटिमीटरच्या वर गेला की उपसणारी गाडी बोलवा, साधारण दोन वर्षांनी. थोडा गाळ आत राहू द्या. उपसा उन्हाळ्यातच करा आणि लगेच पाण्याने भरा, कारण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं की रिकामी टाकी वर उचलली जाते. आत कोणीही उतरायचं नाही. वायूने माणूस क्षणात कोसळतो, वाचवायला उतरणाराही जातो. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय सफाईला उतरवणं गुन्हा आहे.

बाहेर पडणारं पाणी केळी-नारळाच्या मुळाशी द्या. पालेभाजीला नको, त्यात रोगजंतू उरतातच.