भाडेकरू बसलेला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

‘पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू’ एवढ्या एका वाक्यावर मुंबई-पुण्यात फ्लॅट विकले जातात. आत राहणारा माणूस कोणत्या हक्काने राहतो, हे कागदावर पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. सगळ्यात महाग पडते ती हीच चूक.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक काळाच्या वापर-परवान्यावर, राहणाऱ्याची मुदत ठरलेली असते. ती संपूनही घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरच्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं. जुन्या इमारतीत पागडी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम, देऊन राहणाऱ्या भाडेकरूची गोष्ट निराळी. मालक बदलला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. भाडं एरवी वर्षाला 4 टक्केच वाढतं. तो वारला, तरी सोबत राहणारे घरचे लोक हक्क सांगू शकतात. ‘मला स्वतःला राहायचंय’ म्हणून त्याला काढायचं, तर ते कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि जास्त अडचण कोणाची होईल हेही कोर्ट पाहतं. ‘सहा महिन्यांत काढून देतो’ असं एजंट म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोटरी केलेल्या करारावरही विसंबू नका. करार 11 महिन्यांचा असला तरी याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं.

डिपॉझिट विक्रेत्याकडे असतं, पण घर सोडताना भाडेकरू ते तुमच्याकडे मागेल. म्हणून ती रक्कम किमतीतून वळती करून खरेदीखतात लिहा. थकलेलं भाडं तुम्ही घेणार असाल, तर तेही लिहा. व्यवहाराआधी भाडेकरूला स्वतः भेटा आणि भाडं, डिपॉझिट, राहायला आल्याची तारीख हे सगळं त्याच्या सहीने घ्या. त्याला त्याच्या घराची काळजी असते, नीट विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात. खरेदीनंतर लगेच मालकी बदलल्याचं लेखी कळवा. नाहीतर त्याने अजाणतेपणी जुन्या मालकाला दिलेलं भाडं पुन्हा मागता येत नाही.

व्यवहार झाल्यावर वाद उभा राहिला, तर वीज-पाणी तोडू नका. याच कायद्याच्या कलम 29 नुसार तसं करायला मनाई आहे. वकिलामार्फत नोटीस द्या. घर रिकामंच हवं असेल, तर भाडेकरू बाहेर पडेपर्यंत खरेदीखतच करू नका.