खापरापासून मेलुह्हापर्यंत : प्राचीन आशिया शिकायला येणाऱ्यांसाठी

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला येणारी बहुतेक मुलं मोहेंजोदडोचं महास्नानगृह, इराकमधल्या उर शहराचा झिग्गुरात (पायऱ्यापायऱ्यांचा मंदिराचा मनोरा), फार तर चीनमधल्या आन्यांगची कांस्यपात्रं डोक्यात घेऊन येतात आणि त्यांच्या हातात पहिल्यांदा पडतं ते खापर. मळकं, तुटकं, तळहाताएवढं. काहींचा तिथेच हिरमोड होतो. मी पुण्यात शिकलो, नंतर संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदी करण्याचं काम धरलं, आणि आता नवी मुलं ‘सुरुवात कुठून करू?’ म्हणून विचारतात तेव्हा त्यांना पहिलं उत्तर खापराचंच देतो.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं आणि या गावाचं नाव एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या) संस्कृतीला मिळालं. जोर्वेचं चांगलं भाजलेलं खापर हातात घेऊन नखाने टिचकी मारा, धातूसारखा टण् आवाज येतो. लाल अंगावर काळी नक्षी, खांद्याशी कोन, कधी तोटीचा तुकडा. काठाचा तुकडा असला तर वर्तुळं आखलेल्या तक्त्यावर तो टेकवून भांड्याच्या तोंडाचा व्यास काढायचा. मग ग्राफ पेपरवर एका बाजूला छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. रंगवलेलं खापर धुताना ब्रश जपून, नाहीतर तीन हजार वर्षं टिकलेली रेघ नळाखाली जाते. शेवटी आतल्या अंगाला काळ्या शाईने स्थळाचं लघुरूप, ट्रेंच (म्हणजे खोदलेला चर), मातीचा थर, क्रमांक. थर लिहिला नाही तर त्या खापराची किंमत रस्त्यावरच्या कवलाच्या तुकड्याइतकीच.

हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पण सापडलं काय आणि त्यावरून आपण म्हणतो काय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय इथेच लागते. पुढे इराकमधलं प्राचीन सुमेर शिका नाहीतर शांग घराण्याचा चीन, ती सवय नसेल तर नुसत्या गोष्टी पाठ होतात.

इनामगावचं उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेज या पुरातत्त्व शिकवणाऱ्या संस्थेने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. मोठ्या माणसांच्या बऱ्याच सांगाड्यांत घोट्याखालची पावलं नव्हती, ती पुरण्याआधी तोडलेली होती. इथपर्यंत सापडलेलं. ‘मेलेल्याने उठून घराबाहेर जाऊ नये म्हणून पावलं तोडली’ हे आपलं म्हणणं. पटण्याजोगं आहे, मलाही पटतं, पण ते मातीतून निघालेलं नाही. तिथेच धान्याच्या कोठाराशेजारी पाच खोल्यांचं मोठं घर आहे आणि त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस. हे गावप्रमुखाचं घर, असं उत्खननकर्त्यांनी मांडलं. घराचा आकार, कोठाराचं शेजारपण आणि वेगळं दफन, तिन्ही धागे एकाच बाजूला ओढतात म्हणून ते मत वजनदार आहे. वर्गात ऐकलेल्या प्रत्येक विधानाला ‘याला धागे किती?’ असं विचारून बघा. काही प्राध्यापकांना हे आवडत नाही, चांगल्यांना फार आवडतं.

आता दूरच्या प्रवासाकडे येतो, कारण मला स्वतःला यात सगळ्यात जास्त रस आहे. संस्कृती शिकवताना आपल्याकडे त्या एकेक करून शिकवतात: हडप्पा संपली की मेसोपोटेमिया, मग इजिप्त, मग चीन. माझा सल्ला, एखादी वस्तू धरा आणि ती जाईल तिकडे तिच्यामागे जा. मी अकीकचा मणी धरला होता.

गुजरातेत भरूचजवळ रतनपूरच्या खाणींत हा दगड मिळतो. खाणीतून निघतो तेव्हा तो पिवळट-तपकिरी असतो. तापवला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो. खंभातचे कारागीर अजूनही तो मडक्यात घालून भाजतात. हडप्पा संस्कृतीचे लोक त्याचे बोटाहून लांब मणी घडवायचे आणि खास कठीण दगडाच्या गिरमिटाने आरपार भोक पाडायचे. पुरातत्त्वज्ञ मार्क केनॉयर आणि सहकाऱ्यांनी तसं भोक पाडून पाहिलं, तर वेग तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर निघाला. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या एका मण्याला नुसत्या भोकाचे चाळीस तास. काही मण्यांवर क्षाराच्या लेपाने नक्षी काढून, पुन्हा तापवून पांढऱ्या रेघा उमटवलेल्या असतात. असे मणी उत्खनक लिओनार्ड वुली यांना इराकमध्ये उरच्या राजेशाही दफनभूमीत मिळाले, इ.स.पू. २५००च्या आसपासच्या थडग्यांत.

मणी तिथे कसा पोचला, याचं उत्तर मातीच्या पाट्यांवर आहे. मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकमधल्या) अक्कडचा राजा सारगोन बढाई मारतो की मेलुह्हा, मगन आणि दिलमूनची गलबतं आपल्या धक्क्याला लागतात. मगन म्हणजे ओमान, दिलमून म्हणजे बहारीनचा परिसर, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची दंडगोल मुद्रा (ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायचा शिक्का) आहे, तिच्यावर त्याचा हुद्दा कोरलाय: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. चार हजार वर्षांपूर्वी कुणाचं तरी पोट सिंधूकाठची भाषा येण्यावर चालत होतं! उलट्या बाजूने गुजरातेतल्या लोथल या हडप्पा स्थळी पर्शियन आखाताच्या धाटणीची गोल मुद्रा मिळाली आहे, आणि ओमानच्या किनाऱ्यावर रास अल-जिंझला सिंधू लिपीची चिन्हं असलेलं खापर. पुन्हा खापर.

त्या दुभाषाला येणारी भाषा आज कुणालाच येत नाही. सिंधू लिपी वाचली गेलेली नाही. लिपीचे अभ्यासक इरावतम् महादेवन यांनी १९७७ मध्ये चिन्हांची सूची केली तेव्हा ती चारशेच्या वर भरली, आणि एका लेखात सरासरी चिन्हं फक्त पाचच्या आसपास. एवढ्याशा मजकुरावर काहीही ‘वाचता’ येतं, म्हणूनच दर थोड्या दिवसांनी कुणीतरी लिपी उलगडल्याचं जाहीर करतो. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केल्यापासून हा उत्साह आणखी वाढलाय. नव्या विद्यार्थ्याने एम.ए.च्या प्रबंधाला हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वजनं घ्या, विटा घ्या, शंखाच्या बांगड्या घ्या.

वाचायचीच हौस असेल तर अक्कडियन, म्हणजे मेसोपोटेमियातली जुनी भाषा शिका. शिकागोचा अक्कडियन कोश १९२१ ते २०११ अशी नव्वद वर्षं तयार होत होता आणि त्याचे सगळे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. भारतात शिकवणारे मात्र अगदी थोडे, त्यामुळे बाहेर जायची तयारी ठेवा, आणि जर्मन किंवा फ्रेंच आधीच सुरू करा. चीनकडे ओढा असेल तर चिनी भाषेला पर्याय नाही. आन्यांगला १९७६ मध्ये शांग घराण्यातल्या फू हाओ राणीची न लुटलेली कबर उघडली, आणि तिच्या मोहिमांचा उल्लेख शकुनास्थींवर, म्हणजे भविष्य विचारण्यासाठी वापरलेल्या हाडांवर, लिहिलेला मिळतो. लेख आणि वस्तू एकाच व्यक्तीपाशी येऊन भेटतात, हे भाग्य हडप्पावाल्यांच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

एक कायद्याची गोष्ट, कारण उत्साहात मुलं हे विसरतात. आपल्या गावाकडे नदीकाठी राखट मातीचं जुनं टेकाड असतं, त्याला पांढर म्हणतात. शेतकरी ती माती खत म्हणून शेतात नेत आले आहेत. पांढरीवर खापरं दिसली तर खिशात घालू नका. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, जागा टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. परवान्याशिवाय खोदाई हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

नोकरीचं विचारलंत तर जागा कमी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं संचालनालय, संग्रहालयं, नेट-सेट करून अध्यापन, आणि मधल्या काळात प्रकल्पांवरची हंगामी कामं. हंगाम म्हणजे पावसाळा सरल्यापासून उन्हं तापेपर्यंत. आरेखन, छायाचित्रण, सर्व्हेचं यंत्र आणि जीआयएस (संगणकावरची नकाशांची प्रणाली) यांतलं एखादं तरी हातखंडा आलं पाहिजे, कारण छावणीवर बोलावताना आधी तेच विचारतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, विशेषतः ‘सोनं सापडलं का?’ विचारणाऱ्या मामांना.

प्रवेश घेण्याआधी काही पाहायचं असेल तर येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादची कांस्यशिल्पं बघा. १९७४ मध्ये प्रवरेकाठी मिळालेल्या या चार शिल्पांचं वजन मिळून साठ किलोच्या वर भरतं आणि त्यांच्या काळाबद्दल अजून वाद आहे. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय संग्रहालयातली मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी चुकवू नका, पुस्तकातल्या फोटोने फसलेले लोक साडेदहा सेंटिमीटरची मूर्ती पाहून चकित होतात. कच्छमधल्या धोलावीरा या हडप्पा शहराला जायचं तर थंडीत जा, पाणी आणि टोपी घेऊन, आणि आधी पूर्वेकडचा मोठा जलाशय बघा. उत्तर दरवाजापाशी मिळालेल्या सिंधू लिपीतल्या दहा चिन्हांच्या फलकाची गोष्ट गाईड सांगेलच. तो त्याचा अर्थही सांगू लागला तर ऐकून घ्या, वहीत लिहू नका.