फोनवरून सांगता येतील अशा लिनक्स सेटिंग्ज: टर्मिनलची ओळख

मावशी नेरूळला राहते, मी ठाण्यात, नौपाड्याला. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की नेरूळ थेट येतं, पण ऐरोली, रबाळे, घणसोली करत तिच्या दारात पोचेपर्यंत तासभर जातोच. नुसती अक्षरं मोठी करून द्यायला एवढा प्रवास दर वेळी जमत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, त्यानंतर तिच्या जुन्या डेस्कटॉपवर मी विंडोजऐवजी उबुंटू हे लिनक्स टाकलं. आठवड्याभरात फोन आला.

"अक्षरं फार बारीक दिसतात रे."

"मावशी, वर उजव्या कोपऱ्यात क्लिक कर. तिथे एक चक्र दिसेल."

"कुठलं चक्र? इथे स्पीकर आहे आणि बंद करायचं बटण आहे."

वीस मिनिटं अशी गेली. शेवटी मी म्हटलं, "कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाब. आता मी सांगतो ते टाइप कर." पुढच्या दोन मिनिटांत अक्षरं मोठी झाली. तेव्हापासून तिच्या मशीनची जवळपास सगळी कामं आम्ही टर्मिनलमधूनच, म्हणजे त्या तीन कळांनी उघडणाऱ्या, कमांड टाइप करायच्या खिडकीतूनच, करतो. चिन्ह फोनवर सांगता येत नाही. कमांड सांगता येते, वहीत उतरवता येते, आणि बदल आवडला नाही तर तशाच एका ओळीने मागे फिरता येतं.

या लेखातल्या कमांड मी मावशीला सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, आकडेही इंग्रजीच. दोन शब्दांमध्ये जागा दिसली तर स्पेसबार. शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ असेल तर हायफन, आणि त्याच्या आजूबाजूला स्पेस नाही. 'डॉट' म्हणजे इंग्रजी पूर्णविराम, तोही दोन्ही बाजूंना चिकटून. 'सीटीएल' आलं की सी, टी, एल ही तीन अक्षरं आधीच्या शब्दाला जोडून लिहायची. उबुंटूच्या खिडक्या आणि मेनू स्क्रीनवर मांडणाऱ्या भागाला डेस्कटॉप म्हणतात, त्याचं नाव नोम. त्या नावात सुरुवातीला उच्चारात नसलेलं जी आहे: जी, एन, ओ, एम, ई.

आणि टॅबची कळ. शब्दाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेला शब्द टर्मिनल स्वतः पुरा करतं. एकाहून जास्त शक्यता असतील तर टॅब दोनदा दाबा, यादी समोर येते. स्पेलिंगच्या चुकांनी वैतागून टर्मिनल सोडून देणारे बरेच जण पाहिले आहेत, त्यांना टॅब कुणी दाखवलंच नव्हतं.

घरातला पंखा आणि सोसायटीचा पंप

कमांड टाइप करण्याआधी एक फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. सोसायटीत राहणाऱ्याला तो लगेच कळेल. आपल्या घरातला पंखा किती जोरात फिरावा हे आपण ठरवतो, कुणाला विचारावं लागत नाही. पाण्याचा पंप मात्र सगळ्यांचा असतो, त्याच्या खोलीची किल्ली वेगळी असते.

लिनक्सच्या सेटिंग्जही अशाच दोन प्रकारच्या. अक्षरांचा आकार, माऊसचा बाण, वॉलपेपर, स्क्रीन किती वेळाने बंद व्हावी, हे तुमच्या एकट्याच्या खात्याचं. ते 'जीसेटिंग्ज' या कमांडने बदलतं. घड्याळ, टाइमझोन, मशीनचं नाव, मागे चालणाऱ्या सेवा हे अख्ख्या मशीनचं, आणि त्यासाठी पासवर्ड लागतो.

'सुडो' हा शब्द कमांडच्या आधी लावला की ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते. म्हणून जीसेटिंग्जच्या आधी 'सुडो' कधीही लावू नका. सुडो लावलं की बदल प्रशासकाच्या खात्यात होतो, तुमच्या स्क्रीनवर काहीच हलत नाही, आणि माणूस तासभर विचार करत बसतो की कमांड तर बरोबर होती, मग झालं काय.

पहिली कमांड: अक्षरं मोठी करणं

आधी विचारायचं, मग बदलायचं. ही सवय लावून घ्या. आत्ता काय किंमत आहे ते असं विचारा:

जीसेटिंग्ज गेट ऑर्ग डॉट नोम डॉट डेस्कटॉप डॉट इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर

उत्तर बहुधा १.० येईल. ते वहीत लिहा. मग 'गेट'च्या जागी 'सेट' करा आणि शेवटी नवी किंमत द्या:

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग डॉट नोम डॉट डेस्कटॉप डॉट इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.२५

एंटर दाबताच अक्षरं वाढतात, मशीन पुन्हा सुरू करावं लागत नाही. ओळ पुन्हा टाइपही करायची नाही: वरच्या बाणाची कळ दाबली की मागची कमांड परत येते, त्यात शेवटचा आकडा तेवढा बदला. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला १.४ सोयीचं पडलं. तिच्या छोट्या मॉनिटरवर १.५ च्या पुढे गेलो तेव्हा काही खिडक्यांच्या तळाची बटणं स्क्रीनबाहेर गेली, म्हणून आम्ही १.४ वरच थांबलो. कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती चालतं हे 'सेट'च्या जागी 'रेंज' घालून, शेवटचा आकडा काढून विचारता येतं. या सेटिंगला ०.५ ते ३ चालतं. 'डिस्क्राइब' घातलं तर ती सेटिंग काय करते ते एका वाक्यात समजतं. आणि मूळपदावर यायचं असेल तर:

जीसेटिंग्ज रीसेट ऑर्ग डॉट नोम डॉट डेस्कटॉप डॉट इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर

हा 'रीसेट' मला फार मोलाचा वाटतो. आपण काही बिघडवू या भीतीने वयस्कर माणसं कॉम्प्युटरला हातच लावत नाहीत. मागे फिरायचा रस्ता आधी दाखवला की ती भीती बरीच कमी होते. मावशीला मी 'सेट'च्या आधी 'रीसेट' शिकवला.

याच इंटरफेसच्या घरात आणखी दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. 'कर्सर-साइझ' म्हणजे माऊसच्या बाणाचा आकार. तो नेहमी २४ असतो, ४८ केला की बाण शोधत बसावं लागत नाही. 'क्लॉक-फॉरमॅट' म्हणजे घड्याळ बारा तासांचं की चोवीस. स्क्रीन लवकर काळी होत असेल तर 'ऑर्ग डॉट नोम डॉट डेस्कटॉप डॉट सेशन' या घरातली 'आयडल-डिले' बघा. तिची किंमत सेकंदांत असते, दहा मिनिटांसाठी ६००, आणि ० दिलं तर स्क्रीन आपणहून बंद होतच नाही.

नाव माहीत नसलेली सेटिंग कशी शोधायची

ही लांबलचक नावं पाठ कोण करणार? कुणीच नाही. टर्मिनलमध्ये एवढंच टाइप करा:

डीकॉन्फ वॉच /

डीकॉन्फ म्हणजे या सेटिंग्ज जिथे साठवल्या जातात ती जागा. शेवटची तिरकी रेघ विसरू नका, तिच्याआधी एक स्पेस. टर्मिनल गप्प बसून राहील. आता त्याच्या शेजारी नेहमीची सेटिंग्जची खिडकी उघडा आणि माऊसने हवा तो बदल करा. त्याच क्षणी टर्मिनलमध्ये त्या सेटिंगचं पूर्ण नाव आणि नवी किंमत उमटते. नावात तिरक्या रेघा असतील. पहिली रेघ गाळा, मधल्या रेघांचे डॉट करा, शेवटच्या रेघेच्या जागी स्पेस द्या, की बहुतेक वेळा जीसेटिंग्जला चालणारं नाव तयार होतं. काम झालं की कंट्रोल आणि सी दाबून बाहेर या. ठाण्यातल्या माझ्या मशीनवर मी अशी नावं टिपतो आणि नेरूळला फोनवर सांगतो. 'कमांड सापडली नाही' असं उत्तर आलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल डीकॉन्फ-सीएलआय' करून घ्या.

मराठी कीबोर्ड मात्र मी माऊसनेच जोडतो आणि तुम्हीही तसंच करा. त्याच्या कमांडमध्ये चौकोनी कंस, गोल कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम इतके आहेत की फोनवर सांगणं म्हणजे दोघांचाही छळ.

हे सगळं नोम डेस्कटॉपसाठी आहे. उबुंटू आणि फेडोरा यांच्या मुख्य आवृत्त्यांत तोच असतो. लिनक्स मिंटचा सिनॅमन डेस्कटॉपही जीसेटिंग्ज वापरतो, फक्त बरीच नावं 'ऑर्ग डॉट सिनॅमन'ने सुरू होतात. एक्सएफसीई हा डेस्कटॉप असेल तर 'एक्सएफकॉन्फ-क्वेरी' ही वेगळी कमांड लागते. इंटरनेटवरच्या एखाद्या लेखात 'जीकॉन्फटूल' दिसलं तर तो लेख बंद करा: ती २०११ मध्ये नोम ३ येण्याआधीच्या काळातली पद्धत आहे.

घड्याळ साडेपाच तासांनी चुकतंय

आता पंपाच्या खोलीत. इथली सगळ्यात कामाची कमांड 'टाइमडेटसीटीएल', सगळं जोडून. नुसती टाइप केली तरी स्थानिक वेळ, जागतिक वेळ, मशीनमधल्या घड्याळाची वेळ आणि टाइमझोन एकाखाली एक दिसतात. टाइमझोन चुकीचा असेल तर:

टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

इथे एशियाचं ए आणि कोलकात्याचं के मोठ्या लिपीत. मुंबईच्या नावाचा टाइमझोन शोधू नका, तो नाही. अख्ख्या भारताला हा एकच. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळावी म्हणून 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' करा. पासवर्ड ती स्वतःच विचारते.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना एक दुखणं हमखास होतं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की सकाळी दहा वाजता घड्याळ साडेचार दाखवतं. बिघाड काही नसतो. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजून वाचतं, आणि आपल्या वेळेत व जागतिक वेळेत साडेपाच तासांचा फरक आहे. दोघांपैकी एकाला नमतं घ्यावं लागतं. लिनक्सला सांगणं सोपं:

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

यानंतर टाइमडेटसीटीएल उघडून पाहिलं की एक इशारा दिसतो. तो मुख्यतः टाइमझोन बदलणाऱ्यांसाठी आणि उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर मी हाच मार्ग घेतो. एकटं लिनक्स असेल तर हात लावू नका.

दुखणं वेगळंही असू शकतं. पावसाळ्यात वीज जाऊन आली आणि मशीन थेट काही वर्षं मागच्या तारखेवर उघडलं, वेबसाइट्स सुरक्षित नाहीत असं ब्राउझर म्हणू लागला, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो. तिथे कमांडचा उपयोग नाही, सेल बदला. मावशीचा आम्ही बदलला, आणि तेवढ्यासाठी मात्र मला नेरूळला जावं लागलं.

वायफाय

इमारतींना इमारती खेटून असल्यावर शेजारपाजारची वीस-पंचवीस वायफाय नावं दिसणारच. कोणतं किती जोरात येतंय ते बघायला:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट

एन, एम, सी, एल, आय ही पाच अक्षरं, पुढे तीन साधे शब्द. 'सिग्नल' हा रकाना शंभरपैकी किती ते सांगतो. 'चॅन' म्हणजे चॅनल: १ ते १३ असेल तर २.४ गिगाहर्ट्झ, ३६ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर ५ गिगाहर्ट्झ. शेजारचे सगळे १, ६ आणि ११ वर गर्दी करून बसलेले दिसले आणि तुमचा राउटर दोन्ही देत असेल, तर ५ वर जा. भिंती मध्ये आल्या की त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून मशीन राउटरच्याच खोलीत असेल तर जास्त फायदा. जतन केलेली जोडणी सुरू करायला 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' आणि पुढे तिचं नाव. नावात स्पेस असेल तर नाव अवतरणचिन्हांत.

मागे चालणाऱ्या सेवांसाठी 'सिस्टिमसीटीएल' आहे. इथे 'सिस्टिम'चं स्पेलिंग एस, वाय, एस, टी, ई, एम. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ' विचारण्यात धोका काहीच नाही, ते खुशाल करा. 'डिसेबल' मात्र ती सेवा काय करते हे पक्कं माहीत असल्याशिवाय नको. मशीन जलद सुरू व्हावं म्हणून यादीतल्या पाच-सहा सेवा बंद करा, असे सल्ले फिरत असतात. अशाच एका सल्ल्यामुळे ओळखीच्या एका घरी प्रिंटर दोन महिने बंद पडून होता.

सगळं एका फाइलमध्ये

मनासारखं बसलं की स्वतःच्या खात्याच्या सगळ्या सेटिंग्ज जतन करा:

डीकॉन्फ डम्प / > जुळणी डॉट टीएक्सटी

फाइलचं नाव काहीही द्या, टाइप करायला सोपं असावं एवढंच. ही साधी मजकुराची फाइल होते, उघडून वाचता येते. परत आणायच्या वेळी 'डम्प'च्या जागी 'लोड', आणि बाण उलटा, < असा. इथे बाणाची दिशा दोनदा तपासा: लोड करताना > दिलं तर जपलेली फाइलच रिकामी होते. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि 'डीकॉन्फ रीसेट -एफ /' अशी ओळ कुणी सुचवली तर थांबा, ती डीकॉन्फमधल्या तुमच्या सगळ्या सेटिंग्ज एका झटक्यात पुसते.

मावशीच्या वहीत आता चौदा ओळी आहेत, प्रत्येकीखाली मराठीत तिच्या शब्दांत अर्थ. कर्सर-साइझखाली लिहिलंय, "बाण हरवला तर." परवा तिचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या मशीनवर तिने वहीतून बघून अक्षरं मोठी करून दिली होती, पण त्यांच्याकडे मिंट आहे आणि बाणाची ओळ चालत नव्हती. मी म्हटलं, "त्यांच्याच मशीनवर डीकॉन्फ वॉच लाव, माऊसने बाण मोठा कर, आणि काय उमटतं ते मला वाचून दाखव."